गोल्ड टेस्ट पॉझिटिव्ह आली, म्हणजे टीबी सुरू आहे का?

प्रश्न थोडक्यात असा: वडिलांना फुप्फुसाचा टीबी निघाला, म्हणून घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. प्रश्न विचारणाऱ्यांची ‘गोल्ड टेस्ट’ ही टीबीसाठीची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली, आकडा १.८. भावाची निगेटिव्ह. खोकला, ताप, वजन घटणं यांतलं काहीच नाही. पण ही तपासणी ‘रोगप्रतिकारक पेशींचा प्रतिसाद मोजून सक्रिय संसर्ग ओळखते’ असं वाचलं आणि तेव्हापासून झोप उडाली आहे. मला टीबी झाला आहे का? सहा महिने औषधं घ्यावी लागतील का? दोन महिन्यांनी परत तपासून आकडा उतरला का ते बघू का?

आधी सरळ उत्तर देतो. नुसत्या या रिपोर्टवरून तुम्हाला टीबी झाला आहे असं म्हणता येत नाही. टीबीच्या जंतूशी तुमच्या शरीराची कधीतरी गाठ पडली आहे, एवढंच तो सांगतो. ती गाठ गेल्या महिन्यात पडली की १५ वर्षांपूर्वी, जंतू आज जिवंत आहेत की केव्हाच मेले, वाढत आहेत की गप्प पडून आहेत, यांतलं काहीही त्या आकड्यावरून कळत नाही. ‘सक्रिय संसर्ग ओळखते’ हे वाक्य या तपासणीला लागू नाही. ते वाचून काही जण उगाच हादरतात आणि काही जण नको ती औषधं सुरू करतात. प्रयोगशाळेत रोज हे रिपोर्ट सही करून पाठवताना मला याची काळजी वाटते, म्हणून जरा खोलात जाऊन लिहितो.

टीबीचा जंतू फुप्फुसात शिरला की मॅक्रोफेज नावाच्या पेशी त्याला गिळतात आणि त्याच्या प्रथिनांचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडतात. टी-पेशी हा रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. शरीरातल्या असंख्य टी-पेशींपैकी ज्या मोजक्या पेशींना ते तुकडे ओळखता येतात, त्यांची संख्या झपाट्याने वाढते. त्या गॅमा इंटरफेरॉन हे रसायन सोडतात आणि त्याच्या जोरावर मॅक्रोफेज आतला जंतू दाबून ठेवतात. धुमाळी ओसरली की यातल्या बहुतेक टी-पेशी मरतात, पण काही स्मृतिपेशी म्हणून वर्षानुवर्षं रक्तात फिरत राहतात. तोच तुकडा परत समोर आला की काही तासांत त्या पुन्हा इंटरफेरॉन सोडू लागतात. गोल्ड टेस्ट, म्हणजे क्वांटिफेरॉन, आणि तिची बहीण टी-स्पॉट या दोन्ही तपासण्या याच गुणावर उभ्या आहेत. दोघींना मिळून ‘इग्रा’ म्हणतात. ही एक प्रकारची ओळखपरेड आहे. साक्षीदार आरोपीला ओळखतो, पण आरोपी आज कुठे आहे आणि काय करतो आहे हे त्या साक्षीदाराला ठाऊक नसतं.

ही कल्पना मुळात माणसांसाठी निघाली नव्हती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात गुरांमधला टीबी शोधण्यासाठी गायींच्या रक्तावर अशी तपासणी तयार झाली. माणसांसाठीच्या पहिल्या क्वांटिफेरॉनला अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली. सुरुवातीला त्यातही मॅन्टू चाचणीत, म्हणजे हाताच्या कातडीत टोचून सूज पाहण्याच्या चाचणीत, वापरतात तेच ट्युबरक्युलिन, म्हणजे जंतूच्या शेकडो प्रथिनांची खिचडी, वापरलं जायचं. त्यातली बरीच प्रथिनं बीसीजी लशीतल्या जंतूतही असतात, त्यामुळे लस टोचलेल्या माणसाचा हातही मॅन्टूत सुजू शकतो. पुढच्या आवृत्तीत इसॅट-६ आणि सीएफपी-१० ही दोनच नेमकी प्रथिनं घेतली. बीसीजीच्या जंतूने त्यांची जनुकं केव्हाच गमावली आहेत. त्यामुळे लहानपणी घेतलेल्या लशीमुळे तुमची टेस्ट पॉझिटिव्ह आली असेल ही शंका मनातून काढून टाका. टीबीचे काही दूरचे भाऊबंद, उदाहरणार्थ मायकोबॅक्टेरियम कॅन्ससाय किंवा मरिनम, ही प्रथिनं बाळगतात, पण वडिलांना टीबी असताना त्यांचा विचार करण्याचं कारण नाही.

आता तुमच्या रक्ताचं नेमकं काय झालं ते सांगतो, कारण या तपासणीतली निम्मी गडबड मशीनपर्यंत पोचण्याआधीच होते. रक्त चार छोट्या नळ्यांत घेतात, प्रत्येकीत सुमारे १ मिलिलिटर. राखाडी टोपणाच्या नळीत काहीच नसतं. तिच्यावरून तुमच्या रक्तात मुळातच किती इंटरफेरॉन आहे ते कळतं. हिरव्या आणि पिवळ्या टोपणाच्या नळ्यांच्या आतल्या भिंतीवर टीबीच्या प्रथिनांचे तुकडे सुकवून लावलेले असतात. जांभळ्या नळीत टी-पेशींना सरसकट चेतवणारा पदार्थ असतो. तो राजम्याच्या जातीतल्या दाण्यापासून मिळवलेला असतो आणि धडधाकट पेशी त्याला प्रतिसाद देणारच, असं गृहीत असतं. रक्त घेतल्यावर नळ्या दहा वेळा अशा हलवायच्या की आतली सगळी भिंत रक्ताने माखली पाहिजे. कमी हलवलं तर तुकडे भिंतीलाच राहतात आणि पेशींना काही दिसतच नाही. घुसळल्यासारखं जोरात हलवलं तर पेशी फुटतात आणि आकडे भरकटतात. मग १६ तासांच्या आत नळ्या ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये जायला हव्यात आणि तिथे १६ ते २४ तास राहायला हव्यात. मधल्या वेळात नळ्या गाडीत उन्हात पडल्या किंवा कुणी सवयीने फ्रिजमध्ये ठेवल्या, तर पेशी मंदावतात. या तपासणीत रक्तातल्या पेशी जिवंत राहून त्यांनी रात्रभर काम करायचं असतं. साखर किंवा कोलेस्टेरॉल मोजताना हा प्रश्न येत नाही.

दुसऱ्या दिवशी प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींवेगळा पातळ भाग, काढून त्यातलं इंटरफेरॉन मोजतात. हिरव्या किंवा पिवळ्या नळीतला आकडा, वजा राखाडी नळीतला आकडा, ०.३५ किंवा त्याहून जास्त आला आणि तो राखाडीच्या निदान चौथ्या हिश्श्याइतका असला, तर पॉझिटिव्ह. टी-स्पॉटची रीत जरा वेगळी. त्यात रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून, मोजून, प्रत्येक खळग्यात अडीच लाख पेशी घालतात. खळग्याच्या तळाला इंटरफेरॉन पकडणारं पटल असतं. जी पेशी इंटरफेरॉन सोडते तिच्या बुडाशी एक निळसर ठिपका उमटतो. भिंगाखाली पाहिलं तर मध्ये गडद आणि कडेला विरत गेलेले गोल ठिपके दिसतात, आणि प्रत्येक ठिपका म्हणजे जंतूला ओळखणारी एक पेशी. ही एलिस्पॉट पद्धत १९८३ पासून आहे आणि आजही ती पाहताना मला तिचं अप्रूप वाटतं. अडीच लाखांतल्या आठ-दहा पेशी एकेक करून डोळ्यांना दिसाव्यात हे साधं नाही.

मग या तपासण्यांना ‘सक्रिय संसर्ग ओळखणाऱ्या’ का म्हटलं गेलं? त्यामागचा विचार अगदीच पोकळ नव्हता. एका रात्रीत इंटरफेरॉन सोडतात त्या मुख्यतः नुकत्याच जंतूशी झुंजलेल्या, तयारीत असलेल्या टी-पेशी, असं मानलं जात होतं. जुन्या, विसावलेल्या स्मृतिपेशींना जागं व्हायला काही दिवस लागतात. म्हणून रात्रभराच्या तपासणीत प्रतिसाद आला तर जंतू आत्ता हजर असणार, आणि उपचारांनी जंतू मेले की प्रतिसाद विझणार, अशी आशा होती. तसं झालं नाही. टीबीचे उपचार पूर्ण करून ठणठणीत बऱ्या झालेल्या बहुतेकांची इग्रा पुढे कित्येक वर्षं पॉझिटिव्हच राहते. काहींचा आकडा उतरतो, काहींचा चढतो, आणि त्या चढउताराचा आजार बरा होण्याशी भरवशाचा संबंध जुळत नाही. म्हणूनच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नको’ असं आहे. दोन महिन्यांनी आकडा १.८ चा ०.९ झाला काय किंवा ४ झाला काय, त्यावरून औषध लागू पडलं की नाही हे कळणार नाही. पैसे आणि मनःशांती दोन्ही जातील.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. प्रत्यक्ष टीबीने आजारी असलेल्यांपैकी साधारण १० ते २० टक्के लोकांची इग्रा निगेटिव्ह येते, आणि एचआयव्ही, कुपोषण किंवा फार वाढलेला आजार असेल तर हे प्रमाण आणखी चढतं. काही वेळा जंतूला ओळखणाऱ्या पेशी रक्त सोडून फुप्फुसात, आजाराच्या जागी गोळा झालेल्या असतात. काही वेळा शरीर इतकं खंगलेलं असतं की पेशींकडून प्रतिसादच येत नाही. त्यामुळे तीन आठवडे खोकला, रात्रीचा घाम आणि घटतं वजन असलेल्या माणसाला ‘गोल्ड टेस्ट निगेटिव्ह आहे, टीबी नाही’ असं सांगून घरी पाठवणं धोक्याचं आहे. पॉझिटिव्ह रिपोर्टमुळे उगाच घाबरणाऱ्यांपेक्षा निगेटिव्ह रिपोर्टमुळे निर्धास्त होणाऱ्यांची मला अधिक काळजी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच सांगितलं होतं की कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत सक्रिय टीबीच्या निदानासाठी इग्रा वापरू नये. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना टीबीच्या जंतूची लागण होऊन गेली आहे असा अंदाज आहे. जिथे ही लागण घरोघरी आहे तिथे खोकल्याच्या रुग्णाची इग्रा पॉझिटिव्ह आली तर त्यातून नवं असं काय कळलं?

आकड्याबद्दल आणखी एक गोष्ट. ०.३५ ही रेघ लखलखीत दिसते, पण तिच्या आजूबाजूचा पट्टा डळमळीत आहे. त्याच माणसाचं रक्त आठवड्याने परत घेतलं तर ०.३० चं ०.४५ होऊ शकतं. साधारण ०.२ ते ०.७ च्या मधला आकडा असेल आणि संसर्गाचं ठोस कारण नसेल, तर मी पुन्हा तपासून घ्या असं सुचवतो. दरवर्षी तपासल्या जाणाऱ्या रुग्णालयीन कर्मचाऱ्यांत हे इतकं दिसलं, एका वर्षी पॉझिटिव्ह आणि पुढच्या वर्षी निगेटिव्ह, की अमेरिकेत २०१९ पासून अशी सरसकट वार्षिक तपासणी करू नका असा सल्ला आला. तुमचा १.८ काठावरचा नाही आणि घरात रुग्ण आहे, म्हणून तो खरा धरायचा. मोठ्या गटांत उंच आकड्यांच्या लोकांना पुढे आजार होण्याचं प्रमाण काहीसं जास्त दिसतं, पण एका व्यक्तीबाबत १.८ आणि ७ यांत ‘कमी टीबी, जास्त टीबी’ असा फरक करता येत नाही. पिवळ्या नळीत सीडी-८ या प्रकारच्या टी-पेशींसाठी जास्तीचे तुकडे असतात, म्हणून पिवळ्या आणि हिरव्या आकड्यांतल्या फरकावरून ताजा संसर्ग ओळखावा असंही सुचवलं गेलं. एकेका रुग्णाचा निर्णय त्यावर सोडावा इतका तो फरक भरवशाचा ठरलेला नाही.

‘इंडिटरमिनेट’ हा तिसरा निकाल पुष्कळांना पॉझिटिव्हचाच सौम्य प्रकार वाटतो. तसं नाही. जांभळ्या नळीतल्या पेशींनीही प्रतिसाद दिला नाही, किंवा राखाडी नळीतच इंटरफेरॉन ८ च्या वर निघालं, तर तपासणी वाचताच येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. स्टिरॉइड, केमोथेरपी, कमी झालेले लिम्फोसाइट (टी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी), अगदी लहान मूल, नाहीतर वाहतुकीत खराब झालेलं सॅम्पल, अशी त्याची कारणं असतात. गोवरासारखी जिवंत लस घ्यायची असेल तर इग्रा त्याच दिवशी तरी करावी, नाहीतर लशीनंतर चार ते सहा आठवडे थांबून.

टीबीपलीकडेही हीच गल्लत होते. गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम आजारासाठी एलिस्पॉट किंवा लिम्फोसाइट ट्रान्सफॉर्मेशन अशा नावांनी तपासण्या विकल्या जातात आणि ‘अँटिबॉडी जुना संसर्ग दाखवतात, आमची तपासणी चालू संसर्ग दाखवते’ असा त्यांचा दावा असतो. तुलना केली तेव्हा आजार नसलेल्या पुष्कळ लोकांतही त्या पॉझिटिव्ह आल्या. महिनोन् महिने थकव्याने त्रासलेली माणसं अशा रिपोर्टच्या जोरावर लांबलचक अँटिबायोटिक घेत राहतात आणि थकव्याचं खरं कारण तसंच राहतं, हे मला फार खटकतं. कोविडच्या काळात अमेरिकेत टी-पेशींची एक तपासणी आणीबाणीच्या मान्यतेने आली. तिच्या मान्यतेत स्पष्ट होतं की ती नुकताच किंवा पूर्वी झालेला संसर्ग ओळखण्यासाठी आहे, चालू संसर्गाच्या निदानासाठी नाही. अवयव प्रत्यारोपणानंतर सीएमव्ही विषाणूविरुद्धच्या टी-पेशी मोजतात, तो वापर मला चोख वाटतो. तिथे प्रश्नच वेगळा असतो: या रुग्णाच्या पेशी विषाणूला रोखायला समर्थ आहेत का? विषाणू आत्ता रक्तात वाढतो आहे का, हे पीसीआरनेच पाहायचं.

मग रक्तातून ‘आत्ता’ची बातमी मिळतच नाही का? मिळते, पण ती आठवण न ठेवणाऱ्या पेशींकडून. न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी जंतू आला की तासाभरात बदलतात आणि तो गेला की पूर्वपदावर येतात. साध्या सीबीसीतली, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतली, न्यूट्रोफिलची वाढ हे त्याचंच जुनं रूप. अलीकडच्या काही मशीनवर मोनोसाइटच्या आकारमानातली विषमता मोजता येते. आणीबाणी विभागात सेप्सिसची, म्हणजे संसर्गामुळे शरीरभर उसळलेल्या जीवघेण्या प्रतिक्रियेची, शंका लवकर यावी म्हणून त्या मोजमापाला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. दाह झाला की रक्तात वाढणाऱ्या सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन या प्रथिनांचं रक्तातलं प्रमाण जेमतेम एका दिवसात निम्म्यावर येऊ शकतं, म्हणून उपचार लागू पडले की त्यांचे आकडे भराभर उतरतात. त्यांची अडचण दुसरी आहे: काहीतरी पेटलं आहे हे ते सांगतात, पण कोणत्या जंतूने, ते नाही. मोठी शस्त्रक्रिया किंवा भाजणं यांनीही ते चढतात. थोडक्यात, नेमकं ओळखणाऱ्या पेशी काळाबद्दल गप्प आणि काळ सांगणाऱ्या पेशी ओळखीबद्दल गप्प. दोन्ही एका तपासणीत आणायची धडपड टीबीत चालू आहे. टी-पेशी ओळखते का एवढंच न पाहता, ओळखणाऱ्या पेशीवर ती नुकतीच चेतवली गेल्याच्या खुणा आहेत का हे फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे पेशी एकेक करून लेझरच्या प्रकाशात तपासणाऱ्या पद्धतीने, पाहायचं. सक्रिय आजारात या खुणा जास्त दिसतात आणि उपचारांनी ओसरतात. बोटाच्या टोकाच्या रक्तातून शरीराच्या तीन जनुकांची हालचाल मोजणारं कार्ट्रिजही अभ्यासलं जात आहे. यांतून काही चांगलं निघेल असं मला मनापासून वाटतं, पण आज तुमचा निर्णय त्यांच्यावर ठरणार नाही.

आता तुमच्याबद्दल. छातीचा एक्स-रे काढा आणि डॉक्टरांकडून नीट तपासून घ्या: गाठी, ताप, वजन, खोकला. एक्स-रेत काही दिसलं किंवा लक्षणं निघाली तर थुंकीची पीसीआर पद्धतीची तपासणी आणि कल्चर, म्हणजे थुंकीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणं. जंतू जिवंत आहे का हे ठरवायचं ते कल्चरवर. सगळं स्वच्छ निघालं तर तुम्हाला सुप्त संसर्ग आहे, म्हणजे जंतू असतील पण गप्प आहेत, असं धरतात. अशा लोकांपैकी ५ ते १० टक्क्यांना आयुष्यात कधीतरी टीबी होतो आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या दोन वर्षांत असतो. तुमचा संपर्क ताजा आहे, म्हणून प्रतिबंधक औषध घ्यावं असंच मी सांगेन. आयसोनियाझिड आणि रिफापेन्टिनचे आठवड्याला एक असे १२ डोस, किंवा रोज रिफॅम्पिसिन चार महिने, किंवा आयसोनियाझिड सहा महिने, असे पर्याय आहेत. सक्रिय टीबी नाही याची खात्री झाल्याशिवाय मात्र यातलं काहीही सुरू करू नका. जंतू लाखोंनी वाढत असताना एकट्या औषधाचा मारा केला तर त्या औषधाला दाद न देणारे जंतूच मागे उरतात. वडिलांच्या जंतूवर कोणती औषधं चालतात तो रिपोर्टही सोबत न्या. त्यांचा टीबी आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन या दोन्हींना दाद देत नसेल तर वरचे पर्याय बाद होतात. त्या परिस्थितीत संपर्कातल्यांसाठी सहा महिने लिव्होफ्लॉक्सासिन ही जागतिक आरोग्य संघटनेची २०२४ ची शिफारस आहे.

भावाची निगेटिव्ह टेस्ट अजून अंतिम नाही. टी-पेशी ओळखण्याजोग्या संख्येने तयार व्हायला दोन ते आठ आठवडे लागतात, म्हणून वडिलांशी आलेल्या शेवटच्या धोक्याच्या संपर्कानंतर आठ ते दहा आठवड्यांनी त्याची परत करा. आणि घरात पाच वर्षांखालचं मूल किंवा एचआयव्हीबाधित व्यक्ती असेल, तर त्यांच्यासाठी इग्राच्या रिपोर्टवर अडून राहू नका. त्यांना सक्रिय आजार नाही एवढं तपासून प्रतिबंधक औषध लगेच सुरू करता येतं, आणि लहान मुलांत टीबी मेंदूपर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही, म्हणून त्यांना याच आठवड्यात दाखवा.